‘ग्लिम्प्स’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाट चढूं लागली म्हणजे बोगद्यांमागून बोगदे येतात. एका बोगद्यांतून बाहेर पडून दुसऱ्यांत शिरेपर्यंत जो थोडा अवकाश मिळतो तेवढ्यांत खालची दरी, तिच्या तळाशीं चकाकणारें पाणी, समोरच्या सुळक्यावर टेकलेला ढग, असें कांहींतरी डोळ्यांपुढून निघून जातें. प्रवासी नीट पाहूं जातो तों पुन्हां काळोख. अशा प्रकारच्या पाहण्याला इंग्रजी भाषेंत ‘ग्लिम्प्स’ असा एक नेटका शब्द आहे. शाळेंत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाच्या तो परिचयाचा असतो. पण त्याचा अर्थ मराठींत सांगा म्हटलें कीं बहुतेकजण अडखळतात. कोणी ‘ओझरतें दर्शन’ म्हणतो, कोणी ‘झलक’ म्हणतो, कोणी ‘पुसट दर्शन’ म्हणून वेळ मारून नेतो. शब्द एका दमांत उच्चारला जाणारा, परंतु त्याच्या पोटांत काळ आहे, प्रकाश आहे, डोळा आहे, आणि जें दिसलें त्याच्या खरेपणाविषयींची थोडी शंकाहि आहे. इतकी सामग्री एवढ्याशा शब्दांत कशी आली हें पाहावयाचें तर त्याच्या कुळाची चौकशी केली पाहिजे.

त्यापूर्वीं एका तोतयाला दूर केलेलें बरें. ‘ग्लान्स’ हा शब्द ग्लिम्प्सचा सख्खा भाऊ वाटतो, आणि इंग्रजी शिकणारांकडून या दोहोंचा घोटाळा नेहमीं होतो. भेद असा आहे कीं, ग्लान्स ही डोळ्याची करणी आहे. ग्लिम्प्स ही वस्तूची देणगी आहे. सभेंत बसलेला मनुष्य घड्याळाकडे हळूच ग्लान्स टाकतो. तें त्याच्या इच्छेवर आहे. ग्लिम्प्स कोणाला टाकतां येत नाहीं. ती मिळते, किंवा इंग्रज म्हणतो त्याप्रमाणें ती पकडावी लागते. मराठींत नजर टाकणें आणि नजरेस पडणें यांत जें अंतर आहे तेंच हें. दोहोंचीं घराणींहि वेगळीं. बहुतेक कोशकारांच्या मतें ग्लान्सचा उगम जुन्या फ्रेंच भाषेंतील ‘घसरणें’ या अर्थाच्या क्रियापदांत आहे, आणि तें क्रियापद पुन्हां बर्फवाचक शब्दापासून निघालेलें. बर्फावरून पाऊल निसटतें तसा तलवारीचा वार चिलखतावरून निसटून गेला म्हणजे त्या वाराला हा शब्द लावीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोच शब्द डोळ्याकडे आला : वस्तूवर पूर्ण न बसतां तिला चाटून जाणारी ती नजर.

येथें मराठी मनुष्याला ओळखीची खूण पटावी. ‘ओझरता’ हें विशेषण मराठींत घावाला लागतें, स्पर्शाला लागतें, आणि नजरेलाहि लागतें. म्हणजे ज्या वाटेनें इंग्रजी शब्द रणांगणावरून डोळ्यांत आला त्याच वाटेनें मराठी शब्दहि आलेला दिसतो. परंतु याचा अर्थ असा होतो कीं, ‘ओझरतें’ हा शब्द खरोखर ग्लान्सचा सोबती आहे, ग्लिम्प्सचा नव्हे. शाळेंतल्या भाषांतरपाठांनीं तो ग्लिम्प्सला बहाल केला, आणि आतां तो तेथें इतका रुळला आहे कीं काढतां येणें कठीण.

आतां मूळ शब्दाकडे. इ. स. १४०० च्या सुमाराच्या इंग्रजींत ‘ग्लिम्सेन’ असें एक क्रियापद आढळतें. त्याचा अर्थ पाहणें असा मुळींच नव्हता. चमकणें, चकाकणें, हा त्याचा अर्थ. जुन्या इंग्रजींतील त्याचा पूर्वज कोणत्याहि लेखांत सांपडत नाहीं. परंतु मध्ययुगीन जर्मन भाषेंत याच घडणीचें क्रियापद मिळतें, आणि ‘ग्लिमर’ म्हणजे मिणमिणणें, ‘ग्लीम’ म्हणजे प्रकाशाची तिरीप, हीं त्याचीं भावंडें तर आजहि नांदत आहेत. तात्पर्य, ग्लिम्प्स हा जन्मानें डोळ्याचा शब्द नाहीं. तो दिव्याचा शब्द आहे.

या ‘ग्लिम्सेन’मध्यें ‘प’ नाहीं हें चाणाक्ष वाचकाच्या लक्षांत आलें असेल. तो मागाहून आला, आणि कोणाच्याहि हुकमावांचून आला. ‘म’ उच्चारतांना ओठ मिटलेले असतात आणि वारा नाकांतून जात असतो. त्यापुढचा ‘स’ उच्चारण्यासाठीं ओठ उघडावे लागतात आणि नाकाची वाट बंद करावी लागते. हीं दोन कामें अगदीं एका क्षणीं झालीं तर ठीक. पण नाकाची वाट तिळभर आधीं बंद झाली आणि ओठ अजून मिटलेलेच असले तर मधें आपोआप ‘प’ उमटतो. इंग्रजींत ‘रिकामें’ या अर्थाच्या ‘एम्प्टी’ या शब्दांतील ‘प’ असाच घुसलेला आहे, आणि टॉमसन या आडनांवाचीं दोन रूपें, एक ‘प’ अक्षर असलेलें व एक नसलेलें, याच कारणानें झालीं. हें इंग्रजांच्या जिभेचें वैगुण्य समजण्याचें कारण नाहीं. संस्कृत ‘आम्र’ शब्दांत ‘ब’ कोठें आहे? परंतु प्राकृतांत त्याचा ‘अंब’ झाला आणि मराठींत ‘आंबा’. ‘ताम्र’ शब्दाचें ‘तांबें’ झालें तेंहि असेंच. ‘म’ आणि ‘र’ यांच्या मधें जसा ‘ब’ शिरला तसाच ‘म’ आणि ‘स’ यांच्या मधें ‘प’ शिरला. मराठी मनुष्य दर उन्हाळ्यांत ज्या फळाची वाट पाहतो त्याच्या नांवांतील एक अक्षर आणि ग्लिम्प्समधील एक अक्षर हीं एकाच नियमाचीं अपत्यें आहेत.

नात्यागोत्याचा शोध याहूनहि मागें नेतां येतो. युरोपांतील व भारतांतील भाषांचें जें समान मूळ भाषाशास्त्रज्ञांनीं कल्पिलेलें आहे त्यांत ‘घेल्’ असा एक धातु मानतात. चमकणें हा त्याचा अर्थ, आणि चमकणाऱ्या पिवळ्या-हिरव्या रंगांचीं नांवें त्याच्यापासून निघालेलीं. मूळचा ‘घ’कार जर्मानिक भाषांत ‘ग’ झाला आणि संस्कृतांत त्याचा ‘ह’ झाला. म्हणूनच संस्कृतांतील ‘हंस’ तो जर्मन भाषेंत ‘गान्स’ आणि इंग्रजींत ‘गूज’ या नांवानें वावरतो. ‘र’ आणि ‘ल’ यांचा अभेद तर संस्कृत वैयाकरणांनाहि ठाऊक होता. हे दोन नियम लावले म्हणजे एका बाजूला ‘गोल्ड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हिरण्य’, एका बाजूला ‘यलो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हरित’, अशा जोड्या जमतात. ‘हरिद्रा’ हा शब्द याच गोत्रांतला, आणि हरिद्रेचीच मराठींत हळद झाली. ग्लिम्मर, ग्लीम, ग्लिम्प्स यांची गणनाहि पंडित याच धातूच्या संततींत करतात. तेव्हां लग्नघरांतील हळदीच्या वाटीचा आणि लंडनच्या धुक्यांत क्षणभर दिसून नाहींशा होणाऱ्या मनोऱ्याच्या ग्लिम्प्सचा दूरचा कां होईना, पण रक्ताचा संबंध आहे.

अशा नात्यांनीं मन हरखून जातें, परंतु त्यांत एक धोका आहे. इंग्रजींत ‘ग्ल’नें आरंभ होणारे प्रकाशवाचक शब्द इतके आहेत कीं ते सगळे एकाच आईचीं लेंकरें असावींत असा भास होतो. ग्लो, ग्लिटर, ग्लिस्टन, ग्लिंट, ग्लेअर, ग्लॉस. यादी लांबेल तेवढी लांबते. ‘आनंदी’ या अर्थाचा ‘ग्लॅड’ शब्दसुद्धां मुळांत ‘तेजस्वी’ याच अर्थाचा होता. मराठींत आनंदानें चेहरा उजळतो तो कांहीं निराळ्या कारणानें नव्हे. परंतु यांपैकीं कांहीं नात्यानें एक आहेत, तर कांहीं केवळ संगतीनें एक झालेले आहेत. ‘ग्लान्स’ हें त्याचेंच उदाहरण. बर्फावरून घसरत आलेला हा पाहुणा ‘ग्ल’कारांच्या आळींत राहिला आणि शेजाऱ्यांचा वाण नाहीं पण गुण त्याला लागला. शब्दांच्या आरंभींचा नाद आणि त्यांचा अर्थ यांत असें कांहीं साहचर्य असतें हें जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितज्ञानें १६५३ सालच्या आपल्या इंग्रजी व्याकरणांत नमूद करून ठेविलें होतें. ‘स्ट्र’ या आरंभांत त्याला बळ आणि ताण जाणवला. पुढें जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानें १९३० सालीं अशा नादांना ‘फोनेस्थीम’ असें नांव दिलें. हा फर्थ १९१९ पासून १९२८ पर्यंत लाहोरास पंजाब विद्यापीठांत इंग्रजीचा प्राध्यापक होता. जेथें रस्त्यावरचा फेरीवालाहि ‘झिलमिल’, ‘झलक’ म्हणतो अशा मुलुखांत नऊ वर्षें काढलेल्या मनुष्याच्या कानाला हा विषय सुचावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

कारण मराठी-हिंदींत जें काम ‘झ’ करतो तेंच इंग्रजींत ‘ग्ल’ करतो. झळक, झळाळी, झगमग, झगझगीत, झिळमिळ, झिलई, झोत : कोठलाहि शब्द घ्या, प्रकाश हालत असतो. ‘झळ’ हा शब्द तर प्रकाशाचा राहिला नाहीं, ऊष्णतेचा झाला. उन्हाची झळ डोळ्यांना नव्हे, अंगाला लागते. अर्थात् हा नियम नव्हे. इंग्रजींत डिंकाला ‘ग्लू’ म्हणतात आणि हातमोजाला ‘ग्लव्ह’. त्यांत चकाकण्याचें नांव नाहीं. मराठींतहि झाडू आणि झोळी यांत प्रकाश कसचा!

आतां कुळकथेंतला कळीचा प्रश्न. दिव्याचा शब्द डोळ्याकडे कसा आला? याचा अगदीं आरंभींचा पुरावा चॉसर या कवीच्या काव्यांत आहे. चॉसर १४०० सालीं वारला. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील व्यापाऱ्यानें सांगितलेल्या कथेंत जानेवारी नांवाचा एक म्हातारा सरदार आणि मे नांवाची त्याची तरुण पत्नी आहे. म्हातारा आंधळा होतो. एके दिवशीं बागेंत, नासपतीच्या झाडावर, पत्नी आपल्या प्रियकराबरोबर असतांना देवाच्या कृपेनें म्हाताऱ्याला एकाएकीं दृष्टि येते आणि नको तें त्याला दिसतें. तो आकांत करतो. परंतु पत्नीला दुसऱ्या एका देवतेनें हजरजबाबीपणाचा वर दिलेला असतो. ती त्याला सांगते कीं, झोंपेंतून उठलेल्या माणसाला जसें पहिल्यानें नीट दिसत नाहीं तसेंच तुमचें झालें आहे; तुम्हांला आली आहे ती पुरती दृष्टि नव्हे, नुसती ‘ग्लिम्सिंग’ आहे. म्हातारा तें मान्य करतो आणि सुखानें घरीं जातो. या विनोदी कथेंत शब्दाचें सगळें भवितव्य सांठलेलें आहे. म्हाताऱ्यानें जें पाहिलें तें खरें होतें, पण थोडें होतें. आणि थोडें होतें म्हणूनच तें खोटें ठरवितां आलें.

नाम म्हणून ‘ग्लिम्प्स’ हा शब्द सोळाव्या शतकांत रूढ झाला. प्रथम अर्थ ‘क्षणिक वा मंद चमक’ असा, आणि त्याच शतकांत पुढें ‘क्षणिक वा अपुरें दर्शन’ असा. दोन्ही अर्थ कांहीं काळ शेजारीं शेजारीं होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत, पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशांत, चिलखत घातलेलें बापाचें भूत पाहून राजपुत्र त्याला उद्देशून बोलतो तेव्हां चंद्राच्या ‘ग्लिम्प्सेस’चा उल्लेख येतो. तेथें चंद्राकडे कोणी पाहत नाहीं. ढगांआडून येणारें चंद्राचें अर्धवट चांदणें एवढाच त्याचा अर्थ. आजचा इंग्रज वाचक मात्र तेथें ‘चंद्राचें ओझरतें दर्शन’ वाचतो आणि चुकतो. तो शब्दसमूह पुढें इंग्रजींत इतका लोकप्रिय झाला कीं एडिथ व्हार्टन या अमेरिकन लेखिकेनें १९२२ सालीं आपल्या कादंबरीला तेंच नांव दिलें. ‘ग्लिम्प्स’ हें क्रियापद ‘क्षणभर दृष्टीस पडणें’ या आजच्या अर्थानें वापरांत आलें तें तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. म्हणजे शब्दाला दिव्यापासून डोळ्यापर्यंत येण्यास जवळजवळ चारशें वर्षें लागलीं.

विद्वानांच्या आधीं हें स्थित्यंतर चोरांनीं केलें होतें असें दिसतें. फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ सालीं इंग्लंडांतील गांवढळ आणि चोरट्या बोलीचा एक कोश छापला. त्या बोलींत ‘ग्लिम’ म्हणजे मेणबत्ती किंवा घरफोडीच्या कामीं येणारा झांकता कंदील; आणि त्याच शब्दाचें अनेकवचन डोळ्यांना लावण्याचा प्रघातहि त्याच लोकांत होता. अंधारांत काम करणाऱ्याला दिवा आणि डोळा यांत फार फरक करतां येत नसावा.

परंतु यांत इंग्रजीचें वैशिष्ट्य कांहींच नाहीं. जर्मन भाषेंत नजरेला ‘ब्लिक’ म्हणतात. त्याचा जुना अर्थ विजेची चमक असा होता, आणि वीज या अर्थाचा ‘ब्लिट्स’ हा त्याचाच नातेवाईक. ‘आउगेनब्लिक’, म्हणजे डोळ्याची चमक, हा जर्मनांचा ‘क्षण’. संस्कृतांत ‘आलोक’ म्हणजे प्रकाशहि आणि पाहणेंहि. अवलोकन करणारा ‘लोक्’ धातु, डोळ्याला नांव देणारें ‘लोचन’, लॅटिनमधील प्रकाशवाचक ‘लुक्स’ आणि इंग्रजी ‘लाइट’ हीं सगळीं एकाच मुळाकडे बोट दाखवितात. याहून मार्मिक उदाहरण ‘भास’ या शब्दाचें. ‘भास्’ म्हणजे चमकणें, त्यापासूनच भास्कर. परंतु मराठींत ‘भासलें’ म्हणजे दिसलें खरें, पण असेलच असें नाहीं. चमकण्यापासून दिसण्याकडे आणि दिसण्यापासून संशयाकडे, हा जो प्रवास ग्लिम्प्सनें अर्धामुर्धा केला तो भासानें पुरता केला. म्हाताऱ्या जानेवारीच्या पत्नीला मराठी येत असतें तर ‘तुम्हांला भास झाला’ एवढेंच म्हणून तिचें काम भागलें असतें!

याचें कारण काय? एक कारण पुष्कळदां सांगितलें जातें तें असें कीं, डोळ्यांतूनच किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात अशी प्राचीनांची समजूत होती. ग्रीसमध्यें प्लेटो आणि यूक्लिड यांनीं ही कल्पना मांडली. भारतांत नैयायिकांनीं चक्षुरिंद्रिय तैजस मानलें. रात्रीं हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत किरण दिसतात हा न्यायसूत्रांत त्याचा पुरावा म्हणून दिलेला आहे. बौद्धांनीं तें मान्य केलें नाहीं. मांजराच्या डोळ्यांतील तें तेज आंतून येत नसून बाहेरचा प्रकाश डोळ्याच्या पाठीमागील थरावरून परत फिरतो, हें ज्ञान पुष्कळ पुढचें. प्रकाश वस्तूकडून डोळ्यांत येतो हा सिद्धांत अकराव्या शतकाच्या आरंभीं इब्न अल-हैथम या बसऱ्यास जन्मलेल्या पंडितानें प्रयोग व युक्तिवाद यांच्या जोरावर उभा केला. सूर्याकडे पाहिलें असतां डोळे दुखतात, मग किरण आंत येत नाहींत असें कसें म्हणतां येईल, हा त्याचा साधा आणि निरुत्तर करणारा प्रश्न. तथापि शब्दाच्या अर्थांतराला असा सिद्धांत लागतोच असें नाहीं. काळोखांत कांहीं चमकलें म्हणजे चमकणें आणि दिसणें या दोन घटना निराळ्या नसतातच; भाषेनें त्यांना एकच नांव दिलें तर त्यांत नवल तें काय?

आधुनिक शास्त्रानें एक गोष्ट मात्र अशी दाखविली आहे कीं ती ऐकून ग्लिम्प्सची प्रतिष्ठा वाढावी. मनुष्याचा डोळा एखाद्या देखाव्यावरून झाडूसारखा सरळ फिरत नाहीं. तो उड्या मारतो. सेकंदाला सुमारें तीन वेळां तो कोठें तरी स्थिर होतो, आणि पुन्हां उडी. स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो : हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला तर त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. उडी चालूं असतांना मनुष्याला जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. याची प्रचीति आरशापुढें घरच्या घरीं घेतां येते. आपल्या एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे पाहावें. शेजारीं उभ्या असलेल्याला डोळे हललेले दिसतात, पाहणाऱ्याला स्वतःला दिसत नाहींत. म्हणजे ‘टक लावून पाहिलें’ असें जें म्हणतात तेंहि शेंकडों तुकड्यांची शिवण असते. आणि तुकडा किती लहान असला तरी मन त्यांतून कांहीं काढून घेतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत मेरी पॉटर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सेकंदाच्या हजार भागांपैकीं अवघे तेरा भाग दाखविलेल्या चित्रांतूनहि सांगितलेलें दृश्य आलें कीं नाहीं हें लोकांना निव्वळ अंदाजाहून अधिक वेळां ओळखतां आलें.

तथापि ओळखणें आणि शपथेवर सांगणें यांत अंतर आहे. आणि हा शब्द करमणुकीच्या प्रांतांतून बाहेर पडतो तो न्यायालयाच्या दारांत. रात्रीच्या वेळीं पळणारा मनुष्य साक्षीदाराला क्षणभर दिसला. ‘हाच तो’ असें तो पिंजऱ्यांतल्या माणसाकडे बोट दाखवून सांगतो. तो खोटें बोलत नाहीं. त्याची खात्री आहे. मग या खात्रीची किंमत किती? इंग्लंडांत चुकीच्या ओळखीमुळें निरपराध माणसांना शिक्षा झाल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं, लॉर्ड डेव्हलिन यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, आणि १९७६ सालीं तिचा अहवाल बाहेर आला. त्याच वर्षीं टर्नबुल खटल्यांत तेथील अपील न्यायालयानें, लॉर्ड विजरी हे मुख्य न्यायाधीश असतांना, न्यायाधीशांसाठीं कांहीं मार्गदर्शक नियम घालून दिले. आरोपी किती वेळ दिसला? किती अंतरावरून? कोणत्या प्रकाशांत? मधें कांहीं आड आलें होतें काय? पूर्वीं त्याला पाहिलें होतें काय? प्रामाणिक आणि मनावर छाप पाडणारा साक्षीदारहि चुकूं शकतो, हें ज्यूरीला बजावून सांगावें. आणि ओळख केवळ एका निसटत्या नजरेवर उभी असेल व तिला दुसरा आधार नसेल, तर खटला ज्यूरीपुढें ठेवूंच नये.

या प्रश्नांत काळ आणि प्रकाश हीं दोन्ही आलीं आहेत हें लक्षांत घेण्याजोगें आहे. नियमांत वापरलेला शब्द ‘ग्लान्स’ आहे, पण ज्याची भीति न्यायालयाला वाटली ती ग्लिम्प्सची. चॉसरच्या म्हाताऱ्याला खरें दिसलें आणि तें नाकारलें गेलें. येथें अगदीं उलट, न दिसलेलें दिसलें म्हणून स्वीकारलें जाण्याचा धोका. दोन्ही ठिकाणीं अपुरें दिसलें तेवढेंच निश्चित असतें.

या अपुरेपणाचा एक सुजाण उपयोगहि आहे. पंडित जवाहरलाल नेहरूंनीं १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३३ च्या ऑगस्टपर्यंत, बहुतेक काळ तुरुंगांतून, आपल्या मुलीला जगाच्या इतिहासावर १९६ पत्रें लिहिलीं. १९३४ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध होऊं लागलीं तेव्हां त्या प्रचंड ग्रंथाच्या नांवांत त्यांनीं ‘इतिहास’ या शब्दापूर्वीं ‘ग्लिम्प्सेस’ हा शब्द घातला. ग्रंथालय हाताशीं नसतां लिहिलेल्या इतिहासाला याहून प्रामाणिक नांव मिळणें कठीण. हिंदी भाषांतरकारानें त्यासाठीं ‘झलक’ हा शब्द घेतला, आणि तो उत्तम घेतला. कारण झळकण्याचा शब्द दिसण्याकडे आलेला, म्हणजे नेमका ग्लिम्प्सच्याच पावलावर पाऊल टाकून आलेला, तो एकच. दुर्दैवानें अलीकडे झलक हा शब्द येऊं घातलेल्या चित्रपटांच्या जाहिरातींनीं बळकावला आहे. जाहिरातींतील झलक अपुरी असते ती मुद्दाम. तींत निसटून गेल्याची हुरहूर नसते.

मराठींत आणखी एक शब्द आहे, त्याकडे भाषांतरकारांचें लक्ष कमी जातें. तो शब्द कवडसा. कौलांच्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर पडणारा, बोटानें धरूं गेलें तर बोटावरच चढणारा, सूर्याबरोबर सरकणारा प्रकाशाचा तुकडा. प्रकाश, अल्पता आणि चंचलता हे तिन्ही गुण त्याच्यांत आहेत. फक्त डोळा नाहीं. लेखकाच्या स्वभावावर वा एखाद्या काळावर थोडा प्रकाश पाडणाऱ्या लेखनाला ‘कवडसे’ म्हणण्याची चाल मराठींत आहे, आणि तेथें तो शब्द शोभतो. मात्र घाटांतली दरी क्षणभर दिसली तर तिचा कवडसा दिसला असें म्हणतां येणार नाहीं. प्रत्येक ठिकाणीं चालेल असा एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडावा हेंच बरें.

‘दर्शन’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. ग्लिम्प्सच्या अर्थांत उणीव गृहीत आहे. दर्शनाच्या अर्थांत ती नाहीं. तत्त्वज्ञानाच्या सहा पद्धतींना भारतीयांनीं दर्शनें म्हटलें तें त्यांत अर्धवट दिसतें म्हणून नव्हे. पंढरपुरास आषाढीच्या वेळीं वारकरी तासन् तास रांगेंत उभा राहतो, आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकें टेकून वर पाहतो तों पुढें सरकण्याची वेळ झालेली असते. ज्याला रांगेंत उभें राहणें शक्य नसतें तो मुखदर्शन घेतो. ज्याला तेंहि जमत नाहीं तो नामदेव पायरीशीं माथा टेकतो आणि देवळाच्या कळसाकडे पाहून हात जोडतो. घड्याळ लावून मोजलें तर हें पाहणें दोन-चार सेकंदांचें. इंग्रज त्याला ग्लिम्प्स म्हणेल. वारकरी घरीं जाऊन ‘दर्शन झालें’ म्हणून सांगतो, आणि ऐकणारा त्याला किती वेळ झालें असें विचारीत नाहीं. डायना एक या अमेरिकन विदुषीनें १९८१ सालीं हिंदूंच्या देवतादर्शनावर इंग्रजींत एक छोटें पुस्तक लिहिलें. इंग्रजींत पाहण्याचे इतके शब्द असतांना त्यांपैकीं एकहि त्यांना पुरला नाहीं. पुस्तकाच्या मथळ्यावर त्यांनीं ‘दर्शन’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवला.